पेन्सिलीनं निघेल एवढं हृदय

४ जानेवारी

ताई,

नमस्कार केलाय असं समज. वाकून करायचा बेत नाही, कारण मी अजून रागावलेली आहे आणि रागावलेल्या माणसानं पाया पडणं म्हणजे निव्वळ ढोंग.

नोव्हेंबरात फोनवर बोलले ते सगळं खरं होतं, फक्त आवाज चढवायला नको होता. त्या दिवसापासून तू माझा फोन उचलत नाहीस. ठीक आहे. पत्र मात्र उचलावंच लागतं, ते दारात पडून राहतं आणि तुला पसारा खपत नाही.

आता शांतपणे सांगते, म्हणजे 'धाकटीनं आधी थयथयाट केला आणि मग मुद्दा विसरली' असं व्हायला नको. आपलं जीवशास्त्राचं गाईड निघायला लागलं तेव्हा तुझी लेक शाळेत होती, आता तिची पोरं शाळेत जातात. मजकूर तुझा, आकृत्या माझ्या. मुलं त्याला नुसतं 'हिरवी' म्हणतात. 'हिरवी वाचली का?' म्हणजे परीक्षेची तयारी झाली का. यंदा अभ्यासक्रम बदलला, नवी आवृत्ती येणार, आणि अशा वेळी प्रकाशनाचे धाकटे मालक मला ऑफिसात बसवून सांगतात, "बाई, या खेपेला आकृत्या कॉम्प्युटरवर करून घेतोय. रंगीत. ताईंशी बोलणं झालंय. त्याच म्हणाल्या, हाताच्या आकृत्या आता पुरे."

त्याच म्हणाल्या. इतकी वर्षं एका टेबलावर बसून काम केलं, आणि हे मला बाहेरच्या माणसाकडून कळलं. मी मूग गिळून बसले. आपली भांडणं चारचौघांत न्यायची आपल्या घरी पद्धत नाही.

पण उठताना त्यांना सांगून आले की सगळ्या आकृत्या मी नव्यानं काढून देते. पुस्तक मार्चअखेर छापायला जातं, तोवर वेळ आहे. ते म्हणाले, "दोघींचं एकमत झालं तर माझी ना नाही." तर ताई, एकमत होणार आहे. कसं ते मला अजून माहीत नाही, पण होणार आहे.

सोबत हृदयाची आकृती पाठवतेय. नेहमीसारखी काढून पाठव. नेहमीसारखी म्हणजे काय ते विसरली असशील तर आठवण करून देते. मी काढायची, तू ती नीट बघायचीस, मग मी कागद काढून घ्यायचा आणि तू आठवणीनं पेन्सिलीनं काढायचीस, घड्याळ लावून. तुझ्या हातानं निघाली की आकृती पास. नाही निघाली की चूक आकृतीची, तुझी नाही. जगात इतकं वाईट चित्र काढणारं दुसरं माणूस मला मिळालेलं नाही, आणि चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी पुष्कळ बघितलीत. तुझ्याच हातामुळे आपल्या पुस्तकातलं फूल पाच रेघांत निघतं आणि मेंदूवरच्या घड्या तीनच आहेत.

फोनवर फोटो पाठव म्हणशील. नाही पाठवणार. फोनवरचं चित्र बोटांनी मोठं करता येतं, परीक्षेतला कागद करता येत नाही.

तुझी
धाकटी

२१ जानेवारी

ताई,

तुझं उत्तर नाही. म्हटलं नसू दे, कोणावाचून कोणाचं अडत नाही. दुसऱ्यांकडून करून घेऊ.

आधी आमच्या ह्यांना बसवलं. जन्मभर जमिनीची मोजणी केलेला माणूस. त्यांनी पट्टी मागितली, कोनमापक मागितला आणि हृदयाचा नकाशा काढून दिला, वर उत्तर दिशा दाखवून. शेजारच्या शिंपीणबाईंना कागद दिला. त्यांच्या हातात उपजत वळण आहे, माझ्याहून छान काढलं, कामाचं नाही. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड साहेब म्हणाले, मला चित्र येत नाही, आणि पेन्सिलच हातात घेईनात. येत नसताना मन लावून काढणारी तूच एक. तेव्हा कोणावाचून अडत नाही हे वरचं वाक्य खोडलं आहे असं समज.

दरम्यान धाकट्या मालकांनी रंगीत नमुना पाठवला. खोटं बोलत नाही, बघून माझेही डोळे दिपले. लाल, निळं, उजेड पडल्यासारखी चकाकी, रक्तवाहिन्यांना बारीक फांद्या. भिंतीवर लावावं असं हृदय आहे. पण परीक्षेला बसलेल्या पोरीच्या हातात एक पेन्सिल असते आणि पुढे अजून चार प्रश्न असतात. तिनं ही चकाकी कशानं काढायची? आणखी एक. नावांच्या रेघा बघ. 'डावा निलय' अशी रेघ काढली आहे ती हवेतच संपते, निलयापर्यंत पोचतच नाही. तू असतीस तर लाल पेन घेऊन तुटून पडली असतीस. 'रेघ भागाला टेकली नाही तर गुण नाही' हे तुझंच वाक्य, अर्ध्या गावानं पाठ केलेलं.

काल तुझ्या लेकीचा फोन आला होता. म्हणाली, "मावशी, आई म्हणते जिवाला जप." तुला जे म्हणायचं ते स्वतः म्हण, लेकीला कशाला मध्ये घालतेस? मला काय धाड भरलीय? मी बरी आहे. मागच्या भेटीत तू न बोलता माझ्या कपाखाली बशी सरकवलीस ते मी पाहिलं होतं. मला बशी आवडते, एवढंच.

पाकिटावरचं अक्षर ह्यांचं आहे म्हणून दचकू नकोस. पत्ते त्यांचं अक्षर सुबक म्हणून ते घालतात.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळलेला नाही. काढून पाठव.

धाकटी

५ फेब्रुवारी

ताई,

पाकीट पोचलं.

फिरवून पाहिलं, आत काही लिहिलंय का म्हणून. एक अक्षर नाही. फक्त तुझं हृदय. हे विचारत होते, ही कसली पिशवी आहे. मी म्हटलं, पिशवी नाही, माझी बहीण आहे.

चेष्टा करत नाही. खूप वेळ हातात धरून बसले होते. मग चष्मा लावला आणि कामाला लागले, कारण रडून आकृत्या होत नाहीत.

तू कुठे अडलीस ते स्पष्ट दिसतं. महाधमनीची कमान तीनदा खोडून काढली आहेस, कागद भुरकटलाय. म्हणजे माझी कमान अवघड आहे. ती आता बदलली, छत्रीच्या दांड्यासारखी केली, दोन समांतर रेघा वर जातात आणि वळतात, संपलं. डाव्या निलयाची भिंत मात्र तू बरोब्बर जाड काढलीस. सगळ्या शरीराला रक्त ढकलायचं म्हणून ती जाड, हे तुझ्या हाताला माहीत आहे, डोळ्यांना विचारावं लागत नाही.

तुझं डावं-उजवं या वेळीही उलटं झालं होतं आणि मग खोडलंस. आठवतं, पहिल्या आवृत्तीच्या वेळी मी तुझ्या छातीवर कागद धरून तुला आरशासमोर उभं केलं होतं? 'समोर उभ्या माणसाचं हृदय काढायचं, आपलं नाही.' ते वाक्य मग तू पुस्तकात घातलंस. नव्यातही ठेवू.

सोबत डोळा, वृक्काणू आणि चेतापेशी. रेघा जराशा तुटक वाटल्या तर लक्ष देऊ नकोस. हल्ली मी एका बैठकीत काढत नाही, तुकड्यातुकड्यानं काढते. मनगटाखाली शब्दकोश घेतला की बरं पडतं. हे कागद धरतात. सवयीचा प्रश्न आहे.

धाकट्या मालकांशी बोलले. त्यांना म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला, वर्गात करून बघू. अर्ध्या वर्गाला तुमचं रंगीत चित्र, अर्ध्याला माझी आकृती. थोडा वेळ बघायचं, मग मिटून आठवणीनं काढायचं. जे पोरांच्या हातून निघेल ते छापू. ते लगेच तयार झाले. तरुण माणूस आहे, हरायची भीती नाही त्यांना. मलाही नाही, लिहून ठेव.

धाकटी

२३ फेब्रुवारी

ताई,

हे पत्र मोठं होणार आहे, आणि अक्षर असं का, असं तुला वाटेल. आज मनगटाखाली काही घेतलेलं नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

काल आपल्याच शाळेत गेलो. जीवशास्त्राच्या बाई तुझ्याच हाताखाली शिकलेल्या. अजून तुझ्यासारखा खडू मोडून अर्धाच वापरतात. धाकटे मालक मागे भिंतीला टेकून उभे. पोरांना वाटलं शाळा तपासणी आली, सगळी ताठ बसली.

रंगीतवाल्यांचं मी म्हटलं तसंच झालं. बहुतेकजण चकाकी आणण्यासाठी पेन्सिल आडवी करून घासत बसले आणि नावांपर्यंत पोचलेच नाहीत. एकानं रक्तवाहिन्यांच्या इतक्या फांद्या काढल्या की झाड झालं. पण दोघींनी सुरेख काढलं, हेही सांगते, नाहीतर तू म्हणशील धाकटीनं निकाल फिरवला. माझ्या बाजूची बहुतेक पोरं वेळेत आटपली, नावांसकट. मी धाकट्या मालकांकडे बघून घेतलं. मान ताठच होती माझी.

मग शेवटच्या बाकावरच्या मुलीचा कागद घेतला. कोरा. माझी आकृती मिळालेल्यांपैकी ती. पेन्सिलीला टोक केलेलं, खोडरबर शेजारी, आणि कागदावर एक ठिपका.

मी विचारलं, "काय गं, अवघड होती का?"

ती म्हणाली, "अवघड नाही बाई. पण तुमची रेघ एका दमात जाते. माझी नाही जात. मग वहीत खराब दिसतं, म्हणून मी आकृतीचा प्रश्न सोडूनच देते."

ताई, ती रेघ एका दमात गेलेली नव्हतीच. चार दिवस, शब्दकोशावर हात ठेवून, इंच इंच जोडलेली होती. आणि ती पोर त्या रेघेला घाबरून कोरा कागद देत होती.

एवढ्यात धाकटे मालक सहज म्हणाले, "बाई, तुम्ही फळ्यावर काढून दाखवा ना. पोरांना कळेल किती सोपं आहे." त्यांच्या मनात काही नव्हतं. मला मात्र पळून जावंसं वाटलं. फळ्यावर हात टेकायला काही नसतं.

नाही म्हणता आलं असतं. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. पण मी इतक्या लांब आले ती आकृत्या हातानं निघतात हे दाखवायला, आणि हातच दाखवायचा नाही म्हणजे काय? खडू घेतला. काढलं. हात थरथरला, ताई. जसा घरी थरथरतो तसा, त्याहून जास्त. भिंत वाकडी, कमान वाकडी, रेघ पालीच्या शेपटीसारखी वळवळत गेली. वर्गात कोणी हसलं नाही, ते जास्त जड गेलं. मी नावं घातली, प्रत्येक रेघ भागाला टेकवली आणि वळले.

मागून तीच मुलगी म्हणाली, "बाई, असं चालतं?"

"कसं?"

"असं वाकडं. परीक्षेत."

मी म्हटलं, "चालतं. भाग जागच्या जागी हवेत, नावं बरोबर हवीत. बाकी कोणी विचारत नाही."

"मग मी काढते," असं म्हणून तिनं पेन्सिल घेतली. आणि काढलं ताई. तुझ्यासारखंच, पिशवीसारखं. डाव्या निलयाची भिंत जाड.

परतताना धाकटे मालक गाडीत म्हणाले, "ताईंनी मला कारण सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, मलाही नव्हतं.

आता तुझ्याशी बोलते. डॉक्टरांनी उन्हाळ्यातच सांगितलं होतं, गोळीनं थोडं कमी होईल, जाणार नाही. मी कोणाला कळू दिलं नाही. तू बशी सरकवलीस तेव्हाच तुला कळलं होतं. मी पुस्तकासाठी मनगट झिजवत बसेन, कोणीतरी एक दिवस वाकडी आकृती छापेल आणि लोक बोलतील, म्हणून तू आधीच दार लावून घेतलंस. माझी लाज राखायला. हे मला समजलं आहे आणि तरीही मला ते आवडलेलं नाही. माझ्या हाताचा निकाल माझ्या पाठीमागे लावायचा अधिकार तुला कोणी दिला? मोठी झालीस म्हणून? मला विचारलं असतंस तर मी भांडले असते, रडले असते, पण माझ्यासमोर झालं असतं. इतके महिने मला वाटत होतं, माझं काम तुला पुरे झालं. या दुखण्यापेक्षा ते जास्त लागलं.

आता माझा बेत ऐक. बेत म्हणजे विनंती नाही. नव्या हिरवीत प्रत्येक आकृती दोनदा छापायची. एकदा माझी जुनी, सरळ हाताची, बघायला. तिच्या शेजारी पेन्सिलीची, वाकडी, थरथरलेली, खोडलेली, पण नावांसकट पूर्ण. खाली लिहायचं की हिला पूर्ण गुण आहेत. म्हणजे शेवटच्या बाकावर कोणी कोरा कागद ठेवणार नाही. अर्ध्या तुझ्या हातच्या, अर्ध्या माझ्या. आता माझा हात तुझ्या हाताच्या तोडीस तोड झाला आहे, हे तू मान्य करशील.

धाकटे मालक म्हणतात, कल्पना चांगली, पण जीवशास्त्राच्या पुस्तकात वाकड्या आकृत्या म्हणजे लोक नावं ठेवतील. मजकूर लिहिणाऱ्या ताईंचा शब्द आल्याशिवाय करणार नाही. बरोबरच आहे त्यांचं.

म्हणून सोबत कालचं हृदय पाठवतेय, घरी कागदावर पुन्हा काढलेलं, नुसत्या हातानं. तपासून पाठव. बहीण म्हणून नको, परीक्षक म्हणून तपास. तुझ्याकडून त्याला गुण मिळत नसतील तर मी रंगीत चित्रांना हो म्हणेन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही. आणि दया म्हणून एक गुण जरी दिलास तरी मला ओळखू येईल, लक्षात ठेव.

धाकटी

११ मार्च

ताई,

पाकीट आज आलं. दारातच उभ्या उभ्या फोडलं. हे आतून ओरडत होते, चपला तरी काढ.

लाल पेनानं लिहिलेलं पुन्हा इथे उतरवून काढते, कारण मला ते माझ्या हातानं लिहायचं आहे.

'चारही कप्पे जागच्या जागी. बरोबर. डाव्या निलयाची भिंत जाड. बरोबर. महाधमनी डाव्या निलयातूनच निघते. बरोबर. नामनिर्देश करणाऱ्या सर्व रेघा भागाला टेकतात. बरोबर. फुप्फुस धमनीचं नाव घाईत लिहिलं आहे, वाचता येतं, पण पुढच्या वेळी नीट लिही. रेघ थरथरली आहे. याला गुण नसतात, म्हणून कापताही येत नाहीत. पाच पैकी पाच.'

आणि खाली, पेन्सिलीनं, बारीक: 'विचारायला हवं होतं.'

दया नाही. मी उजेडात धरून पाहिलं.

मघाशी धाकट्या मालकांचा फोन आला. सकाळी सकाळी तू त्यांना फोन केलास म्हणे. नावं ठेवणाऱ्या लोकांना तुझा नंबर द्यायला सांगितलास, आणि हवेत संपणाऱ्या रेघांवरून त्यांची अर्धा तास शाळा घेतलीस. ते म्हणत होते, "बाई, मी हो म्हणालो तरी त्या थांबेनात." मी म्हटलं, सवय करा. रंगीत हृदय मुखपृष्ठाच्या आत भिंतीवर लावण्यासारखं मोठं छापायचं आम्ही ठरवलं. छान आहे ते, बघू देत पोरांना. परीक्षेसाठी आपली दोघींची.

अजून पचनसंस्था, पर्णरंध्र, मेंदू आणि परागकण राहिलेत, आणि मार्च काही आपल्यासाठी थांबणार नाही. पचनसंस्थेत लहान आतडं तू नेहमी जास्त गुंडाळतेस. या वेळी तीन वळणं, त्याहून एक नाही. मेंदू मी घेते.

आणि ताई, आतापर्यंत घड्याळ फक्त तुझ्यापुढे असायचं. आज ह्यांना सांगून माझ्याही टेबलावर एक ठेवून घेतलं आहे. मेंदू काढला, वेळेत नाही झाला. उद्या पुन्हा काढते.

तुझी
धाकटी